चिलखताचे रिव्हेट निखळले तेव्हा: शिवडीच्या एका गाळ्यातलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्याच गाळ्यातलं आहे. नाटकमंडळी, कलाकार आणि कारागीर यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. आकडे आणि घटनाक्रम मात्र कामाच्या वहीतून घेतले आहेत.

शिवडीत एका चाळीच्या तळमजल्यावर आमचा गाळा आहे. मी आणि माझे मामा मिळून नाटक-मालिकांसाठी धातूच्या वस्तू बनवतो: ढाली, तलवारींच्या मुठी, सिंहासनाचे पत्रे, पालखीचे गोंडे अडकवायच्या कड्या. मामा रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले आहेत. हाताखाली दोन मुलं आहेत, एक आयटीआय झालेला आणि एक इथेच शिकलेला.

डिसेंबरमध्ये सतराव्या शतकातल्या एका लढाईवरच्या महानाट्यासाठी बारा चिलखतांची ऑर्डर आली. छातीचा पत्रा, पाठीचा पत्रा, एका कुशीला बिजागरी, दुसऱ्या कुशीला पट्टे-बक्कल आणि दोन्ही खांद्यांवर एकाखाली एक सरकणाऱ्या पट्ट्या, अशी रचना नेपथ्यकारांनी काढून दिली होती. पत्रा १८ गेजचा, म्हणजे १.२ मिलिमीटर. एका संचाचं वजन साधारण साडेपाच किलो.

खांद्यावरच्या त्या पट्ट्यांबद्दल एक गोष्ट आधीच सांगते. ही रचना मुळात युरोपीय चिलखतांची. आपल्याकडे बहुतेक वेळा कड्यांचं झिरह-बख्तर, आणि त्यावर चारआईना म्हणजे छाती, पाठ आणि दोन कुशींना बांधायचे चार पत्रे. ऑर्डर घेतल्यावर मी आणि मामा फोर्टला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन पाहून आलो. मामा कड्यांच्या चिलखतासमोरून हलेनात. चष्मा कपाळावर सरकवून, नाक काचेला टेकवून ते कडीचा सांधा शोधत होते. कडीची दोन टोकं चपटी करून एकमेकांवर ठेवलेली आणि त्यातून टाचणीच्या डोक्याएवढा रिव्हेट, म्हणजे दोन्ही टोकांना डोकं असलेली जोडखीळ. "हे एकेक हाताने मारलंय, ग," एवढंच म्हणाले. नेपथ्यकारांना मी पट्ट्यांबद्दल सांगितलं. त्यांचं म्हणणं असं, की प्रेक्षक मैदानात साठ फुटांवर बसणार आणि खांदा त्याला लांबून दिसायला हवा. त्यांचा मुद्दा मला पटला. पट्ट्या ठेवल्या.

प्रत्येक संचाला ४६ रिव्हेट लागत होते, बारा संचांना ५५२. आम्ही सगळे ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट मारले. गन होती, हात बसलेला होता, आणि भोकात घालून दांडा दाबला की काम झालं. शोभेच्या ढाली आणि सिंहासनं आम्ही वर्षानुवर्षं अशीच जोडली आहेत, कधी तक्रार आली नव्हती. मामांनी एकदा विचारलं होतं, "खांद्याला पण पॉपच का?" मी म्हटलं, "वेळ नाही." पुढच्या सगळ्या धावपळीचं मूळ त्या दोन शब्दांत होतं.

अडचण

मार्चमध्ये, पहिल्या प्रयोगाला नऊ दिवस उरले असताना, लढाईच्या प्रवेशाची तालीम चालू होती. एका कलाकाराने वार करायला हात वर घेतला आणि उजव्या खांद्याची तिसरी पट्टी मागच्या टोकाला सुटली. पट्टी पुढच्या रिव्हेटवर गर्रकन फिरली आणि तिचा कोपरा त्याच्या दंडाला लागला. जखम दोन इंचांची, फार खोल नव्हती. पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. त्याच संध्याकाळी मला फोन आला. तो स्वतःच बोलला. "ताई, हाताचं काही नाही, पण उद्या दुसऱ्या कुणाच्या डोळ्याला लागेल."

रात्री बाराही संच टेम्पोने गाळ्यात आले. आम्ही प्रत्येक रिव्हेट बोटाने हलवून पाहिला. ५५२ पैकी ७१ ढिले होते, ९ गायब. खांद्याच्या पट्ट्यांमधून काहीतरी खुळखुळत होतं. पॉप रिव्हेटच्या खिळ्याची तुटलेली टोकं पोकळ नळीतून निसटून आत पडली होती.

कारणं शोधायला फार वेळ लागला नाही, पण ती एक नव्हती. पॉप रिव्हेट पोकळ असतो. गनने आतला खिळा ओढला की नळीचं मागचं टोक फुगतं आणि तेवढ्या फुगवट्यावर सांधा धरतो. दोन पत्रे एकदाच घट्ट जोडायचे असतील तर हे चालतं. पण जो सांधा दर मिनिटाला पुढेमागे सरकतो, तिथे मऊ ॲल्युमिनियमची नळी पोलादी पत्र्याच्या कडेवर घासून झिजते. त्यात आम्ही ४ बाय १२ चे, म्हणजे ४ मिलिमीटर जाड आणि १२ मिलिमीटर लांब रिव्हेट वापरले होते. दोन पत्र्यांची मिळून जाडी २.४ मिलिमीटर, आणि बारा मिलिमीटरचा रिव्हेट त्याहून कितीतरी जास्त जाडीसाठी असतो. त्यामुळे फुगवटा पत्र्याला नीट टेकायच्या आधीच खिळा तुटत होता. गन "टक" करते, आपल्याला वाटतं बसला. तो अर्धाच बसलेला असतो.

चामड्याच्या बाजूला आणखी वाईट अवस्था होती. पट्ट्याच्या मागे वायसर न घालता रिव्हेट मारले होते, आणि फुगवटा चामड्यातून हळूहळू आरपार येत होता. घामाच्या जागी ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली होती. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारा ओलावा आला की आधी ॲल्युमिनियम खाल्लं जातं. इथे तर घामही होता आणि मुंबईची हवाही.

समोरचे पर्याय

त्या रात्री गाळ्यात चौघं बसून होतो. दिग्दर्शक फोनवर. पहिला पर्याय त्यांचाच होता: याच जागी मोठे पॉप रिव्हेट, मागून वायसर. दोन दिवसांचं काम. पण सरकत्या सांध्यांचा प्रश्न त्यात तसाच राहणार होता. चार मिलिमीटरचं भोक पाच करायचं आणि पुढच्या महिन्यात सहा, असं किती वेळा करणार?

दुसरा, नट-बोल्ट आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप ढिला न होणारा नट. ते सुटत नाहीत, आणि पाहिजे तेवढं ढिलं ठेवता येतं. पण आतल्या बाजूला बोल्टचं टोक आणि नटाचे कोपरे येतात, कलाकाराच्या खांद्याला ते टोचणार. बाहेरून स्क्रूचं डोकं दिसलं की चिलखताचा भास जातो, हे नेपथ्यकारांचं म्हणणंही खोटं नव्हतं.

वेल्डिंगचा विषय आयटीआयवाल्या मुलाने काढला. बिजागरीला ते चाललं असतं. पण १.२ मिलिमीटरचा आकार दिलेला, पॉलिश केलेला पत्रा वेल्डिंगने पीळ खातो आणि काळा पडतो. शिवाय हलत्या सांध्याला वेल्डिंगचा उपयोगच नाही.

चौथा, भरीव रिव्हेट. मामांचा. लोखंडाचे, हाताने ठोकून बसवायचे. वेळ किती लागेल याचा अंदाज काढायला मामांनी तिथेच एक जुना पॉप ड्रिलने काढला, भंगारातला एक भरीव रिव्हेट घातला आणि ठोकला. घड्याळात सहा मिनिटं. सगळे ५५२ बदलायचे तर पंचावन्न तास. तिघांत वाटले तर होण्यासारखं होतं.

निर्णयाची पहिली खरी जागा इथे आली. मी म्हटलं, सगळे नकोत. वही घेतली आणि प्रत्येक रिव्हेटचं काम लिहीत गेले. एका संचात बिजागरीचे ४, जे अजिबात हलता कामा नयेत. खांद्यांच्या पुढच्या बाजूला ८, ज्यांच्याभोवती पट्टी फिरते. मागच्या बाजूला ८, ज्यांना खाचेत सरकायचं आहे. चामड्याचे २०. आणि छातीवरचे ६ नुसते शोभेचे. पाच प्रकारची कामं, आणि आम्ही ती सगळी एका गनने, एकाच पाकिटातल्या रिव्हेटने उरकली होती. ही यादी डिसेंबरमध्ये केली असती तर पाच मिनिटं लागली असती.

शोभेचे ७२ पॉपच ठेवायचे आणि ४८० बदलायचे, असं मी ठरवलं. मामांना ते पसंत नव्हतं. "एकदा हात घातला तर पुरता घाल." मी वेळेचं कारण सांगितलं. याबद्दल पुढे येईलच.

तालीम थांबणार नव्हती. म्हणून दोन संच त्याच रात्री नायलॉक बोल्टवर जोडून सकाळी परत पाठवले. ही तात्पुरती सोय होती, पण या संपूर्ण कामात आम्हाला सर्वांत जास्त शिकवलं ते या दोन संचांनी.

काय केलं

सकाळी मी नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात गेले. गोल डोक्याचे ४ मिलिमीटरचे लोखंडी रिव्हेट तिथे किलोवर मिळतात. चामड्यासाठी तांब्याचे रिव्हेट आणि त्यांचे तांब्याचे वायसर घेतले. धारावीतून ३ मिलिमीटरचं चामडं आणलं, कारण जुने पट्टे भोकांपाशी फाटत आले होते.

गाळ्यात परत आले तेव्हा मामांनी आपली जुनी ट्रंक उघडली होती. तिच्यात त्यांचे वर्कशॉपमधले स्नॅप, म्हणजे रिव्हेटच्या डोक्याला गोल आकार देणारे टोकाला वाटी असलेले ठोकणे होते, वीस मिलिमीटरच्या रिव्हेटचे, एकेक मुठीएवढा. मामांचं आयुष्य गरम रिव्हेट मारण्यात गेलं आहे. लाल झालेला रिव्हेट भोकात घालून ठोकला की तो थंड होताना आखडतो आणि पत्रे आपोआप एकमेकांकडे खेचले जातात. आमचे रिव्हेट थंडच ठोकायचे होते. थंड रिव्हेट काहीच खेचत नाही. ठोकण्याआधी पत्रे जितके चिकटलेले असतील तितकेच ते राहतात. मामांना हे ठाऊक होतं, पण हाताला सवय दुसरी होती. पहिल्या दिवशी त्यांनी बसवलेल्या चार बिजागऱ्यांत पत्र्यांमधून उजेड दिसत होता. त्यांनीच त्या काढल्या. मग एका दांड्याला टोकाला साडेचार मिलिमीटरचं खोल भोक पाडून त्याचा सेट बनवला. रिव्हेट भोकातून वर आला की त्यावर हा दांडा ठेवायचा, एक ठोका द्यायचा, पत्रे बसले की दांडा काढून मगच रिव्हेटला हातोडी लावायची.

स्नॅपही बनवावा लागला. जुन्या छिन्नीचं पोलाद घेतलं, टोक सपाट केलं, मध्ये उथळ खळगा ड्रिल केला. मग टोक लाल करून, खराब बेअरिंगमधली ८ मिलिमीटरची गोळी त्यावर ठेवून एकाच दमदार घावात आत बसवली. गोळी निघाल्यावर गुळगुळीत वाटी उरली. टोक पुन्हा लाल करून तेलात बुडवलं, घासून पांढरं केलं आणि मागून हळूहळू गरम करत गव्हाळ रंग टोकापर्यंत आल्यावर पुन्हा थंड केलं. हातोडी पडते ती बाजू मऊच ठेवली, नाहीतर तिचे तुकडे उडतात. अशीच एक वाटी जाड दांड्यावर केली. ती डॉली. वाईसमध्ये उभी धरली की चिलखताचा बाक तिच्यावर कसाही फिरवता येतो, आणि रिव्हेटचं बाहेर दिसणारं तयार डोकं तिच्या वाटीत बसून चपटं होण्यापासून वाचतं.

आता ठोकण्याबद्दल, कारण खरी गोम तिथेच आहे. भोक रिव्हेटपेक्षा किंचितच मोठं हवं. चारच्या रिव्हेटला आम्ही ४.२ चं ड्रिल लावलं. भोकाच्या कडेचा बर, म्हणजे वर आलेली धारदार कड, मोठ्या ड्रिलचं टोक हाताने दोनदा फिरवून काढायचा. तो राहिला तर पत्रे कधीच टेकत नाहीत. मग लांबी. पत्र्याच्या वर रिव्हेटची शेपटी किती राहिली पाहिजे? पूर्ण गोल डोकं हवं असेल तर रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट, म्हणजे ४ ला ६ मिलिमीटर. आतल्या बाजूला आम्हाला बसकं डोकं पुरणार होतं, म्हणून एकपट, ४ मिलिमीटर. दोन पत्र्यांचे २.४ धरून दांडी ६.४. शेपटी लांब राहिली तर ठोकताना वाकते आणि डोकं एका बाजूला लोळतं. आखूड राहिली तर डोक्याऐवजी नुसती कड पसरते. प्रत्येक रिव्हेट मोजून कापायला वेळ जात होता, तेव्हा आमच्या धाकट्या मुलाने एक सोपी युक्ती काढली. सहा मिलिमीटर जाडीच्या एका पट्टीला भोक पाडलं, वर एक पातळ वायसर चिकटवला, रिव्हेट खालून घातला आणि वर येईल ते कटरने कापून कानस फिरवली. एका तासात दोनशे रिव्हेट एका मापाचे तयार.

पहिला घाव सरळ, शेपटीच्या मधोमध. त्याने दांडी भोकात फुगते आणि भोक भरतं. हा घाव तिरका पडला की पुढे कितीही ठोका, सांधा हलतोच. मग अडीचशे ग्रॅमच्या बॉलपीन हातोडीच्या गोल टोकाने कडेकडेने, फिरत फिरत, हलके घाव. शेपटी फुलासारखी उमलते आणि पत्र्यावर टेकते. शेवटी स्नॅप ठेवून दोन ठोके. आवाज ऐकायचा. रिव्हेट बसला की हातोडीचा आवाज बदलतो, खणखणीत होतो आणि मनगटाला वेगळा झटका येतो. मामा डोळे मिटून सांगत, "झाला," किंवा "अजून एक."

फिरते आणि सरकते सांधे वेगळे. तिथे रिव्हेट घट्ट बसला तर खांदा आखडतो. पहिल्या संचात नेमकं तेच झालं. कलाकाराने हात वर केला, पट्ट्यांतून कर्र असा आवाज आला आणि हात कानापर्यंतही गेला नाही. सोळाच्या सोळा पुन्हा ड्रिलने काढले. मग मामांनी कपाटातून एक जुनी लग्नपत्रिका काढली. तिच्या जाड कागदाचे बोटभर तुकडे केले आणि प्रत्येकाला इंग्रजी यू सारखी खाच पाडली. दोन पत्र्यांमध्ये तुकडा सरकवायचा, रिव्हेट खाचेतून जाऊ द्यायचा, नेहमीसारखं ठोकायचं आणि शेवटी तुकडा ओढून काढायचा. कागदाच्या जाडीएवढी फट राहते. पट्टी हलते पण खुळखुळत नाही. चिकटून बसलेला तुकडा पक्कडीने ओढावा लागला तर रिव्हेट जास्त ठोकला गेला असं समजायचं.

सरकत्या सांध्याला पत्र्यात लांबट खाच लागते. बाहेरून दिसू नये म्हणून ती आतल्या पट्टीत घेतली. दोन टोकांना दोन भोकं पाडून मधला भाग कानशीने काढला. रुंदी ४.३, आणि पट्टीला जितकं सरकायचं तितकी लांबी. किती सरकायचं? हे कागदावर काढून कळत नाही. इथे बोल्टवर पाठवलेले ते दोन संच उपयोगी पडले. कलाकारांनी ते घालून तालीम केली, आणि खाचेत बोल्ट कुठून कुठपर्यंत घासला त्याचे चकचकीत पट्टे पत्र्यावर उमटले. सर्वांत वरच्या सांध्यात १४ मिलिमीटर, खाली खाली कमी. त्या खुणांवरून सगळ्यांच्या खाचा कापल्या. शेपटीच्या बाजूला खाचेवर १ मिलिमीटरचा वायसर, नाहीतर डोकं खाचेतून निसटतं. वायसर आणि कागद धरून दांडी पावणेआठची झाली.

खाचेत सरकणाऱ्या या रिव्हेटला मोठा इतिहास आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन धर्तीच्या हलक्या, घाऊक बनवलेल्या चिलखतांना इंग्लंडमध्ये 'आल्मेन रिव्हेट' असंच म्हणत. १५१२ साली इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने फ्लॉरेन्सच्या एका व्यापाऱ्याकडून असे २००० संच १६ शिलिंगांना एक या दराने घेतले. संपूर्ण चिलखताला रिव्हेटचं नाव पडलं! मामांना हे सांगितलं तेव्हा ते खूष झाले.

तिसऱ्या दिवशी दोन अडचणी आल्या. जुने पॉप काढताना ड्रिलबरोबर रिव्हेटच फिरत होते आणि काही भोकं लंबगोल झाली. अशा ३४ जागी ५ मिलिमीटरचे रिव्हेट घ्यावे लागले. ते कमी पडले तेव्हा जाड तारेच्या खिळ्यांचे तुकडे वापरले. पहिल्या दोघांच्या शेपटीला ठोकताना चिरा गेल्या. खिळ्याची तार ओढून कडक झालेली असते. बाकीचे लाल करून राखेत पुरले, सकाळपर्यंत हळू थंड होऊ दिले, मग ते लोण्यासारखे ठोकले गेले.

दुसरी अडचण आवाजाची. वरच्या मजल्यावरची मुलगी दहावीला होती, दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. तिच्या आई खाली आल्या, रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "आज रात्री नको ना." पुढचे चार दिवस संध्याकाळी सातनंतर हातोडी बंद ठेवली. डॉलीचा वाईस लाकडी ओंडक्यावर घेतला आणि खाली रबर घातलं. चामड्याचे २४० तांब्याचे रिव्हेट शेजारच्या गाळ्यातल्या फ्लायप्रेसवर, म्हणजे हाताने फिरवायच्या स्क्रूच्या दाबयंत्रावर, दाबून बसवले. तांबं मऊ असल्याने प्रेसच्या एका फेऱ्यात डोकं बसतं, आवाज नाही. पट्टा, मागून वायसर, वायसर सेटने चामड्यात रुतवायचा, दीड-दोन मिलिमीटर शेपटी ठेवून बाकी कापायची, मग दाबायचं. काम हातोडीपेक्षा एकसारखं झालं. अडचण आली नसती तर प्रेसचा विचारच सुचला नसता.

निकाल

सातव्या दिवशी रात्री नऊ वाजता शेवटचा संच झाला. आठव्या दिवशी रंगीत तालमीआधी प्रत्येक कलाकाराने चिलखत घालून वीस वेळा हात वर-खाली केले, वाकले, एक गुडघा टेकला. प्रत्येक संच कानाशी धरून हलवला. तीन सरकते सांधे पुन्हा सैल करावे लागले. दंडाला लागलेला कलाकार त्या दिवशी पुन्हा तेच चिलखत घालून उभा राहिला. त्याने पट्ट्यांच्या आतल्या बाजूवरून तळवा फिरवला, सगळ्या डोक्यांवरून, आणि काही न बोलता बक्कल लावलं. माझ्या जिवात जीव आला तो तेव्हा.

चौदा प्रयोगांनंतर आम्ही सगळे संच पुन्हा तपासले. बिजागरीचा एकही रिव्हेट हललेला नव्हता. फिरत्या आणि सरकत्या १९२ पैकी ५ ढिले झाले होते, ते दोन ठोक्यांत बसले. चामड्याचे तीन पट्टे भोकापासून कडेपर्यंत फाटले. तिन्ही ठिकाणी भोक कडेपासून जेमतेम पाच मिलिमीटरवर होतं. आणि शोभेचे जे ७२ मी तसेच ठेवले होते, त्यातले दोन चौथ्या प्रयोगात भर रंगमंचावर पडले. कुणाला लागलं नाही. मामा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या रविवारी ते एकटे गाळ्यात आले आणि संध्याकाळपर्यंत बहात्तरही बदलून गेले.

पुन्हा केलं तर

आधी एकच संच बनवून तो घालून लढाईचा प्रवेश करून पाहिला असता तर हे सगळं डिसेंबरमध्येच कळलं असतं. आमच्याकडे नमुना पास करून घ्यायची पद्धत होती, पण नमुना स्टँडवर उभा करून, लांबून पाहून पास झाला. माणसाने घातला नव्हता.

सरकते सांधे आता मी थेट रिव्हेटने जोडणार नाही. आधी सगळं बोल्टवर, दोन तालमी, घासल्याच्या खुणा पाहून खाचा, मग रिव्हेट. यात एक आठवडा जास्त जातो आणि तो कोटेशनमध्ये धरावाच लागतो. यावेळचं मटेरियल साधारण साडेचार हजारांचं, पण चौघांची नऊ दिवसांची मजुरी आम्ही सोसली.

भोक कडेपासून किती आत, हे पत्र्यासाठी मी पाळत होते: रिव्हेटच्या जाडीच्या निदान दीड-दोन पट. चामड्याला तेवढं पुरत नाही हे फाटलेल्या पट्ट्यांनी दाखवलं. आता तिथे बारा मिलिमीटर ठेवते.

एका बाबतीत अजून माझं मत ठरलेलं नाही. मामांना वाटतं सगळे रिव्हेट हातोडीनेच मारावेत, प्रेसला हाताची जाण नसते. बिजागरी आणि खांद्याबाबत मी त्यांच्याशी सहमत आहे, कारण तिथे प्रत्येक सांधा वेगळा बोलतो. चामड्याला मात्र प्रेसच बरी वाटते. मामांनी नंतर हाताने मारलेले काही आणि प्रेसचे काही रिव्हेट एकाच संचावर ठेवले आहेत, कुणाचे आधी ढिले होतात ते पाहायला.

आता कागदी साच्यावरच खुणा करतो. घट्ट सांध्याला भरीव ठिपका, फिरत्याला वर्तुळ, सरकत्याला बाण आणि त्यापुढे मिलिमीटर, चामड्याला फुली. त्याच मंडळींनी आणखी चार संच सांगितले आहेत. त्यांचा पहिला नमुना सध्या बोल्टवर उभा आहे, आणि डाव्या खांद्याची तिसरी पट्टी हात पूर्ण वर गेला की अजून थोडी अडते.